बुटकीची वाकडी टोपली

एक होती टोपली. जरा वाकडी.

वाकडी म्हणून बाजारात कुणी घेतली नाही. नका घेऊ. टोपलीचं काही अडलं नाही.

टोपली विणली होती येसाक्कानं. येसाक्का बांबू चिरायची. चर्र चर्र! टोपल्या विणायची. चटक चटक!

वाकडी टोपली तिनं घरीच ठेवली. आत घातलं बारदान. बारदान म्हणजे जुनं पोतं. आणि बारदानावर ठेवलं डुकराचं पिल्लू.

पिल्लाचं नाव बुटकी.

पाय एवढेसे. कान एवढेसे. शेपूट एवढीशी, तीही वाकडी. नाक मात्र हे असं लांब!

टोपली वाकडी, शेपूट वाकडी. जोडी झकास जमली.

आक्का विणायची. चटक चटक! बुटकी तिच्या पायाशी घोरायची. घुर्र घुर्र! कुणाचं कुणाशी भांडण नाही.

एक दिवस बुटकी गेली पेरू खायला. झाडाखाली पडलेला, पिकलेला पेरू. खाल्ला. बिया थुंकल्या. परत आली.

बघते तर काय! टोपलीत मांजर!

पांढरी मांजर. नाव रेशमी. कुणी बोलावली नव्हती. आपली आली आणि बसली. मांजरं अशीच येतात.

बुटकी म्हणाली, "ऊठ. टोपली माझी."

रेशमी म्हणाली, "म्याऊ. कशावरून?"

"बघ ना. वाकडी आहे."

"असू दे. तुझा वास येतो. शी!"

आक्का आली. आक्कानं हुंगलं. सूं सूं! "अगं बाई! वास येतोय खरा. बुटके, हो बाहेर. आधी न्हायचं. मग टोपली."

"मग न्हाऊ घाल ना आक्का."

"कशानं घालू? हापसा रुसलाय. सकाळपासून थेंब दिला नाही. जा, तूच मागून बघ."

असं म्हणाली आणि आक्कानं मांजरीला दूध दिलं. वर मांडीवर घेतलं. वर पाठही खाजवली!

बुटकीनं दारातून बघितलं. पोटात जळजळ झाली. मिरची खाल्ल्यासारखी. मिरची तर खाल्ली नव्हती. खाल्ला होता पेरू!

बुटकी म्हणाली,
"मांजरीला टोपली. मांजरीला दूध. मांजरीला मांडी.
मला काय? ठेंगा!"

आणि निघाली. तुडूतुडू तुडूतुडू!

आला हापसा. उभा होता एका पायावर. तोंड फुगवून.

"हापसेमामा, हापसेमामा, पाणी द्या.
पाण्यानं न्हाईन मी,
टोपलीत बसेन मी.
माझ्या टोपलीत मांजर,
माझ्या पोटात जळजळ. हुंक!"

हापसा म्हणाला, "खट्! नाही देत."

"का हो मामा?"

"विहिरीला हळद. विहिरीला कुंकू. विहिरीला फूल. बायका येतात, विहिरीला वाहतात. मला काय? ठेंगा! नुसता दांडा धरतात आणि हापसतात. आधी फूल आण. मग पाणी."

बुटकी निघाली. तुडूतुडू तुडूतुडू!

आली जास्वंद. अंगभर पानं. एक फूल, तेही पानाखाली लपवलेलं.

"जास्वंदबाई, जास्वंदबाई, फूल द्या.
फूल हापशाला,
हापसा देईल पाणी,
पाण्यानं न्हाईन मी,
टोपलीत बसेन मी.
माझ्या टोपलीत मांजर,
माझ्या पोटात जळजळ. हुंक!"

जास्वंद म्हणाली, "सळ्ळ! नाही देत."

"का हो बाई?"

"तुळशीला शेण. तुळशीला दिवा. तुळशीला फेऱ्या. मला काय? ठेंगा! फूल हवं की मग बरी आठवते जास्वंद. आधी शेण आण. मग फूल."

बुटकी निघाली. तुडूतुडू तुडूतुडू!

आली गाय. नाव तिचं तांबू. उभी होती खुंट्याला. शेपटी घट्ट दाबून.

"तांबूताई, तांबूताई, शेण दे.
शेण जास्वंदीला,
जास्वंद देईल फूल,
फूल हापशाला,
हापसा देईल पाणी,
पाण्यानं न्हाईन मी,
टोपलीत बसेन मी.
माझ्या टोपलीत मांजर,
माझ्या पोटात जळजळ. हुंक!"

गाय म्हणाली, "हम्मा! नाही देत. सकाळपासून धरून ठेवलंय."

"का गं ताई?"

"म्हशीला पेंड. म्हशीला सरकी. म्हशीला हिरवा चारा. मला काय? ठेंगा! वाळका कडबा खा आणि गप उभी राहा. आधी हिरवी पेंढी आण. मग शेण."

बुटकी निघाली. तुडूतुडू तुडूतुडू!

आलं गवत. बांधावर होतं. पिवळं पडलेलं, वाकलेलं.

"गवतभाऊ, गवतभाऊ, पेंढी दे.
पेंढी गाईला,
गाय देईल शेण,
शेण जास्वंदीला,
जास्वंद देईल फूल,
फूल हापशाला,
हापसा देईल पाणी,
पाण्यानं न्हाईन मी,
टोपलीत बसेन मी.
माझ्या टोपलीत मांजर,
माझ्या पोटात जळजळ. हुंक!"

गवत म्हणालं, "सुस्स! नाही देत."

"का रे भाऊ?"

"उसाला पाणी. उसाला खत. उसाला राखणदार. मला काय? ठेंगा! राखणदार बसतो, तोही माझ्याच डोक्यावर. आधी ओल आण. मग पेंढी."

बुटकी निघाली. तुडूतुडू तुडूतुडू! पाय दुखले. एवढेसे पाय, दुखणारच की.

आला पाट. पाट म्हणजे शेतात पाणी नेणारी चारी. पण पाटात पाणीच नव्हतं. तोंडात बसलं होतं मातीचं ढेकूळ. हे एवढं!

"पाटोबा, पाटोबा, ओल द्या.
ओल गवताला,
गवत देईल पेंढी,
पेंढी गाईला,
गाय देईल शेण,
शेण जास्वंदीला,
जास्वंद देईल फूल,
फूल हापशाला,
हापसा देईल पाणी,
पाण्यानं न्हाईन मी,
टोपलीत बसेन मी.
माझ्या टोपलीत मांजर,
माझ्या पोटात जळजळ. हुंक!"

पाट म्हणाला, "बुळुक! नाही देत."

"का हो पाटोबा?"

"ओढ्याला मासे. ओढ्याला खेकडे. ओढ्यात पोरं पोहायला. मला काय? ठेंगा! घशात ढेकूळ अडकलंय, कुणी बघतसुद्धा नाही. आधी ढेकूळ काढ. मग ओल."

"ढेकूळ कोण काढतं?"

"फावडं काढतं. कुणाला विचारतेस!"

बुटकी निघाली. तुडूतुडू... तुडू... तुडू...

आलं फावडं. कुडाच्या भिंतीला टेकून बसलं होतं. गंजलेलं.

"फावडेराव, फावडेराव, ढेकूळ काढा.
ढेकूळ पाटाचं,
पाट देईल ओल,
ओल गवताला,
गवत देईल पेंढी,
पेंढी गाईला,
गाय देईल शेण,
शेण जास्वंदीला,
जास्वंद देईल फूल,
फूल हापशाला,
हापसा देईल पाणी,
पाण्यानं न्हाईन मी,
टोपलीत बसेन मी.
माझ्या टोपलीत मांजर,
माझ्या पोटात जळजळ. हुंक!"

दमली बिचारी. तुम्ही म्हणून बघा एका दमात.

फावडं म्हणालं, "खण्ण! नाही काढत."

"का हो राव?"

"कुदळीला धार. कुदळीला तेल. कुदळीला नवा दांडा. मला काय? ठेंगा!"

बुटकी खालीच बसली. डोळ्यांत पाणी आलं. "आता तुमच्यासाठी काय आणू?"

फावडं म्हणालं, "काही नको आणू. तुझा तर मला सगळ्यात जास्त राग येतो."

"माझा? मी काय केलं?"

"मला उचलायला माणूस लागतो. माणूस आला नाही की मी पडून. आणि तू? तुझ्या तोंडावर जन्मापासून फावडं! कुणी उचलायला नको. कुणी धरायला नको. रोज बघतो आणि जळतो. आणि वर मलाच विचारायला आलीस?"

बुटकीनं आपलं नाक बघितलं. डोळे तिरळे करून बघितलं.

हे असं लांब! पुढून चपटं! कडक!

"हुंक!" बुटकी म्हणाली. "हे फावडं आहे होय?"

आणि पळत सुटली. तुडूतुडूतुडूतुडूतुडू!

पाटात उतरली. नाक लावलं ढेकळाला. खुर्र खुर्र! खुर्र खुर्र! माती उडाली इकडे. माती उडाली तिकडे. ढेकूळ हललं. ढेकूळ डुगडुगलं. ढेकूळ निघालं! धप्प!

पाट म्हणाला, "आ हा हा!" आणि पाणी आलं. खळखळ खळखळ!

पाणी आलं, माती भिजली. चिखल झाला. मऊ मऊ. गार गार. असा चिखल की काय सांगू!

बुटकीला वाटलं, लोळावं. एकदाच. थोडंसं.

एक पाय उचलला. मग आठवली मांजर. टोपलीतली. दूध पिणारी. बुटकीनं पाय मागे घेतला.

पाटानं दिली ओल.
ओल गेली गवताला. गवत तरारलं. सर्रर्र!

गवतानं दिली पेंढी.
पेंढी तोंडात धरून बुटकी निघाली. वाटेत एक पातं खाल्लं. एकच. बरं, दोन.

पेंढी गेली गाईला. गाईनं चावली. कचर कचर! गाय खूष झाली. शेपटी उचलली.

गाईनं दिलं शेण. थप्प!

शेण न्यायचं कसं? नाकानं! ढकल ढकल, ढकल ढकल. अंगणातून ढकललं. टोपलीच्या पुढून ढकललं.

रेशमीनं बघितलं. "शी शी शी! वास घालवायला गेली, आणि शेण घेऊन आली!"

बुटकी ढकलतच राहिली. तोंड कामात होतं.

शेण गेलं जास्वंदीला. जास्वंदीनं पानं हलवली. सळ्ळ सळ्ळ!

जास्वंदीनं दिलं फूल. टप्प! लालभडक!

फूल गेलं हापशाला. बुटकीनं दांड्यात अडकवलं. बरोबर मधे. हापसा ताठ झाला. विहिरीकडे बघितलं. जरा जास्तच बघितलं.

हापशानं दिलं पाणी. खटक खटक, भळ्ळ! खटक खटक, भळ्ळ!

आवाज ऐकून आक्का आली पळत. हातात बादली. "अगं बुटके! तू आणलंस पाणी? शहाणी गं माझी!"

मग काय. आक्कानं पाणी चुलीवर ठेवलं. कोमट केलं. उकळतं नाही, गार नाही. कोमट. रिठे चोळले. फेस केला. वाळक्या घोसाळ्याची घासणी घेतली.

पाठ घासली. घस घस! पोट घासलं. घस घस! खुरांच्या मधे घासलं. कानांच्या मागे घासलं. कानात पाणी जाऊ दिलं नाही. जुन्या लुगड्यानं पुसलं. थोडं खोबरेल चोळलं, कातडी कोरडी पडू नये म्हणून.

बुटकी कशी झाली? गुलाबी! चकचकीत! शेपटीचा पीळसुद्धा चकचकीत!

आक्कानं हुंगलं. सूं सूं! "नाही बाई वास. जरासुद्धा नाही. चल टोपलीत."

आक्का बुटकीला घेऊन टोपलीजवळ आली. पुन्हा हुंगलं. सूं सूं!

"अरे देवा! पुन्हा वास!"

बुटकीनं वळून आपलीच पाठ बघितली.

रेशमी म्हणाली, "म्याऊ. सांगितलं नव्हतं? तिचाच आहे. जायचा नाही तो."

आक्का म्हणाली, "बुटके, असं कसं गं? न्हाऊनही वास? मग बाहेरच झोप बाई."

"थांब!" बुटकी म्हणाली. "हुंक!"

डुकराचं नाक ते. जमिनीखालचं रताळं हुंगून काढतं. त्या नाकापासून वास लपेल होय?

बुटकीनं स्वतःला हुंगलं. फूं फूं! रिठ्याचा वास.

आक्काला हुंगलं. फूं फूं! बांबूचा वास.

टोपलीकडे गेली. फूं फूं... आक् छी!

"आक्का! बारदान!"

आक्कानं मांजरीला उचलून बाजूला ठेवलं. बारदान ओढलं. नाकाला लावलं. आणि आक्का म्हणाली, "आक् छी!"

बारदान काळं. बारदान ओलं. खाली सांडलेली पेज, वर मातीचा थर. कधी धुतलं होतं? मागच्या दिवाळीत. धुतलं होतं का? नव्हतंच!

"अगं बाई बाई बाई!" आक्का म्हणाली. "वास पिल्लाचा नाहीच. वास बारदानाचा. धुवायचं मी, आणि बाहेर काढलं तुला!"

आक्कानं दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले. मोठी बाई, पण धरले. चुकलं की धरायचे.

मग आक्कानं बारदान धुतलं. धप्प धप्प आपटलं. कडक उन्हात टाकलं. टोपली घासली. आत घातला कोरडा पेंढा. म्हणाली, "आता पेंढा रोज बदलायचा." आणि शी-सू करायला घरामागे लांबची जागा करून दिली. एकदा दाखवली. बुटकीनं लक्षात ठेवली. डुक्कर झोपतं तिथे घाण करत नाही. विचारा कुणालाही.

आता मांजर. आक्का बुटकीला मांडीवर घेऊन बसली आणि मांजरीला जवळ ओढलं. हुंगलं. सूं सूं!

त्याच बारदानावर लोळली होती ना!

रेशमीनं बघितलं. बुटकी आक्काच्या मांडीवर. रेशमीच्या पोटात जळजळ झाली. ती म्हणाली,
"बुटकीला न्हाणं. बुटकीला तेल. बुटकीला मांडी.
मला काय?"

आक्का म्हणाली, "तुला? तुलाही न्हाणं! बादलीत पाणी उरलंय."

"म्याँऽऽऽव!"

रेशमी उडाली. कुडावर. कुडावरून छपरावर. थेट छपराच्या टोकावर. वरून बघत बसली. अजून बसलीय.

आणि बुटकी? चढली टोपलीत. वाकड्या टोपलीत वाकडी शेपूट. तीन गिरक्या घेतल्या. पेंढ्यात नाक खुपसलं.

आक्का विणायला बसली. चटक चटक!

बुटकीनं एक डोळा उघडला. छपराकडे बघितलं. "रेशमे," ती म्हणाली, "तुला काय? ठेंगा!"

डोळा मिटला. घुर्र घुर्र! घुर्र घुर्र!

गोष्ट धुतली, गोष्ट पुसली, दोरीवर वाळत घातली. तुम्ही झोपा आता.